घराण्याचा माग : वाचकांचे प्रश्न

वंशावळ, कुलवृत्तांत आणि जुने कागद यांविषयी आलेल्या प्रश्नांपैकी नऊ या अंकात घेतले आहेत. एकच मुद्दा अनेकांनी विचारला असेल तिथे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : घरात पणजोबांना पाहिलेली दोनच माणसे उरली आहेत, आजी आणि एक चुलत आजोबा. वंशावळ करायची आहे. सुरुवात कुठून करू? — वाचिका, ठाणे

या दोघांपासून, आणि लगेच. दप्तरातले कागद पुढच्या वर्षीही तिथेच असतील. आजींकडे आधी जा.

‘पणजोबांच्या वडिलांचे नाव काय?’ असे थेट विचारले की बहुतेक वेळा ‘कुणास ठाऊक’ एवढेच हाती लागते. त्याऐवजी रीतभात विचारा. सुतक कोणाकोणाचे धरायचे? त्यातून भाऊबंद कोण ते कळते, आज त्यांची आडनावे निराळी असली तरी. श्राद्धाला कोणाची नावे घ्यायची? श्राद्धात वडील, आजोबा, पणजोबा आणि त्यांच्या बायका यांचा नावानिशी उच्चार होतो. त्यामुळे ज्या घरात श्राद्ध नीट होत आले आहे तिथे तीन पिढ्या तोंडपाठ असतात. कुलदैवत कोणते, देवक कोणते, जत्रेला कोणत्या गावी जायचे, गावच्या घराच्या भिंतीला लागून कोणाचे घर होते, लग्नात पहिला मान कोणाचा, हेही विचारा.

सालाचा आग्रह धरू नका. मोठ्या घटनेच्या आधी की नंतर, एवढे विचारा. पुणे भागात १२ जुलै १९६१चा पानशेतचा पूर, सातारा-कोकणात ११ डिसेंबर १९६७चा कोयनेचा भूकंप, सगळीकडे १९७२चा दुष्काळ. त्याआधीच्या पिढीसाठी १९१८ची इन्फ्लुएन्झाची साथ आणि १८९६ पासूनचा प्लेग. ‘भूकंपात मी पोटुशी होते’ या एका वाक्याने एखाद्या मुलाचा जन्म सहा-सात महिन्यांच्या आत बसतो.

फोनवर आवाज नोंदवा, पण समोर कागदावर झाडही काढत जा. चुकीच्या जागी नाव लिहिलेले दिसले की म्हातारी माणसे चटकन दुरुस्त करतात. प्रत्येक नावापुढे कोणी सांगितले आणि कधी, ते लिहा. दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर दोन्ही ठेवा. कोण बरोबर ते पुढे कागद सांगेल.

प्रश्न : सातबाऱ्यावर आजोबांचे नाव आहे. त्याच्या मागे कसे जायचे? ऑनलाइन उताऱ्यावर फक्त आत्ताची नावे दिसतात. — वाचक, कराड (असाच प्रश्न सोलापूर, वर्धा आणि रत्नागिरीहून)

सातबारा म्हणजे आजची स्थिती. इतिहास आहे तो फेरफारात, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये. सातबाऱ्यावर नावाशेजारी कंसात किंवा वर्तुळात जो आकडा असतो तो फेरफार क्रमांक. तो धरून फेरफाराची नक्कल काढा. त्यात आधीच्या खातेदाराचे नाव मिळेल. मग जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर त्या खातेदाराचे नाव शोधा, त्याच्याशेजारचा क्रमांक घ्या आणि पुन्हा मागे जा. हस्तलिखित उताऱ्यावर कमी झालेली नावे खोडत नसत, त्यांना कंस करत. म्हणून कंसातली नावे आधी वाचा.

नमुना म्हणून एका वारस फेरफाराचा मजकूर असा धरा :

‘खातेदार धोंडी बिन रामजी हे सुमारे दोन वर्षांपूर्वी मयत. वारस १) गणू, २) सखाराम, मुलगे, ३) काशीबाई भ्र. धोंडी, पत्नी. पैकी सखाराम अज्ञान, अ.पा.क. भाऊ गणू. वर्दीवरून नोंद केली.’

चार ओळींत केवढे आहे पाहा. ‘बिन’ म्हणजे मुलगा, तेव्हा रामजी ही आणखी मागची पिढी फुकट मिळाली. (खानदेशात आणि मुसलमान घराण्यांत इथे ‘वलद’ दिसेल.) ‘भ्र.’ म्हणजे भ्रतार. काशीबाई ही धोंडीची बायको. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, त्यावरून सखाराम नोंदीच्या वेळी लहान होता हे कळले आणि त्याच्या जन्माचा अंदाज बांधता आला. आणि धोंडीचा मृत्यू नोंदीच्या तारखेला झाला नाही, दोन वर्षे आधी झाला. नोंदीची तारीख हीच मृत्यूची तारीख धरणे ही सर्वांत जास्त होणारी चूक. वारस लावायला दहा-दहा वर्षे उशीर झालेली उदाहरणे सर्रास सापडतात.

नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ दिसले तर थांबा. एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून थोरल्याचे एकट्याचे नाव लावलेले असते आणि बाकीचे भाऊ कागदावर नसतातच. ते पुढे वाटणीच्या फेरफारात उगवतात. तसे उगवले की लोक त्यांना परके समजून सोडून देतात.

दुसरा अडथळा गट नंबरचा. १९४७च्या कायद्याने तुकडेबंदी आणि एकत्रीकरण आले आणि जिथे योजना राबवली गेली तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजचा गट ४१२ म्हणजे जुना सर्व्हे ४१२ नव्हे. तालुक्याच्या भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडे जुन्या-नव्या नंबरांचा तक्ता असतो. तो आधी मिळवा, नाहीतर तुम्ही शेजाऱ्याच्या घराण्याचा इतिहास मन लावून लिहाल.

नक्कल मागायला तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जा. अर्जात गाव, तालुका, सर्व्हे किंवा गट नंबर, फेरफार क्रमांक आणि अंदाजे साल लिहा. ‘आमच्या घराण्याचे सर्व जुने रेकॉर्ड मिळावे’ अशा अर्जावर कोणीच काही शोधू शकत नाही. महाभूमीच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर अनेक तालुक्यांचे जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन करून ठेवले आहेत. आधी घरबसल्या ते पाहा. गावाचे नाव तिथे चुकीच्या शुद्धलेखनाने असू शकते, म्हणून यादीतून निवडा.

फेरफार कुठवर मागे नेतात? जुन्या मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३चा. त्यामुळे पश्चिम महाराष्ट्रात फेरफार क्रमांक १ साधारण विसाव्या शतकाच्या पहिल्या-दुसऱ्या दशकातला असतो. त्याआधीसाठी कडईपत्रक आणि सर्व्हेचे ‘सूड’ ही जमिनीची जुनी पत्रके मागा, रत्नागिरीच्या खोती गावांत बोटखत. हे बहुधा मोडीत असतात. मराठवाड्यात १९४८ पर्यंत निजामाचा अंमल, म्हणून खासरापत्रक आणि सेतवार बघा आणि मागचे कागद उर्दूत असतील अशी तयारी ठेवा. तिथल्या फसली सालात ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी ५९० आणि पुढच्या महिन्यांसाठी ५९१ मिळवले की इसवी सन येतो. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. नागपूर-वर्धा भागात अधिकार अभिलेख आणि बंदोबस्ताची मिसल हे शब्द वापरा, तिथल्या अभिलेख कक्षात तेच चालतात.

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत कापडात बांधलेले मोडी कागद सापडले. काही तुटत आहेत. लॅमिनेशन करून घेऊ का? आणि वाचायचे कसे? — वाचक, सांगली

लॅमिनेशन अजिबात नको. उष्णतेने प्लॅस्टिक कागदात शिरते आणि ते पुन्हा काढता येत नाही. चिकटपट्टीही नको; काही वर्षांत तिचा गोंद पिवळा पडून शाई खातो. उन्हातही घालू नका. मऊ ब्रशने धूळ झटका, सुती कापडात सैल बांधा आणि कोरड्या जागी ठेवा. गाठोड्यातला क्रम मोडू नका, कारण एका प्रकरणाचे कागद एकत्र असतात आणि विनातारखेच्या कागदाचा काळ शेजारच्या कागदावरून ठरतो. उलगडण्याआधी प्रत्येकावर नाही, तर प्रत्येकाच्या पाकिटावर पेन्सिलीने क्रमांक घाला.

फोटो काढताना पाठ विसरू नका. मागे ‘पौ’ असा शेरा असला तर तो पोहोचल्याचा. लांब कागद तुकडे चिकटवून केलेले असतात आणि जोडावर शिक्का असतो, तोही टिपा. शेवटी ‘मोर्तब सूद’ असेल तर मजकूर तिथे संपला.

मोडी शिकणे वाटते त्याहून सोपे आणि वाचणे वाटते त्याहून अवघड. अक्षरे एका महिन्यात बसतात. अडचण पुढे येते, कारण आडवी रेघ आधी पानभर ओढून खाली अक्षरे लटकवलेली असतात, शब्दांमध्ये जागा नसते, विरामचिन्हे नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घ एकच. म्हणून अक्षर ओळखण्यापेक्षा ठरलेला मायना ओळखायला शिका. कर्जरोखा, खरेदीखत, वाटणीपत्र, तक्रार, प्रत्येकाची सुरुवात आणि शेवट ठरलेला असतो. एका प्रकारचे दहा कागद वाचलेत की अकरावा निम्मा आपोआप वाचता येतो. विसाव्या शतकातले मोडी आधी घ्या, मजकूर ओळखीचा असतो. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ (स्थापना १९१०) आणि राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतात. तिथे शिकण्याचा खरा फायदा म्हणजे अडलेला शब्द दाखवायला माणूस मिळतो.

तारखेकडे जरा थांबून पाहू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. पेशवाईतल्या कागदांवर सुहूर सन अरबी आकडेशब्दांत असतो. एकं : इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा. दहं : अशर, अशरीन, सलासीन, अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन. मया म्हणजे शंभर, मयातैन दोनशे, अलफ हजार. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे १ + ६० + १०० + १००० = ११६१. हे साल मृगाला सुरू होते, म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे. ११६१ म्हणजे १७६०-६१, पानिपतचे साल.

शकाचेही तसेच. पाडव्यापासून डिसेंबरपर्यंत ७८, त्यानंतर ७९. पानिपतची तिथी शके १६८२ पौष शुद्ध ८. नुसते ७८ मिळवले तर १७६० येते आणि वर्ष चुकते. पौष तेव्हा जानेवारीत, म्हणून १७६१.

संवत्सराचे नाव हा पडताळा. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल तो प्रभव या पहिल्या संवत्सरापासूनचा क्रमांक. १६८२ + १२ = १६९४, बाकी १४. चौदावा संवत्सर विक्रम, आणि कागदांत ‘विक्रम नाम संवत्सरे’च असते. जुळले नाही तर शकाचा एखादा आकडा तुम्ही चुकीचा वाचला आहे किंवा कागद मागाहून केलेली नक्कल आहे. ‘छ’ दिसला तर तो चंद्र, म्हणजे पुढची तारीख मुसलमानी महिन्याची.

प्रश्न : पुण्याच्या पेशवे दफ्तरात आमच्या घराण्याची माहिती मिळेल का? — वाचक, जुन्नर

घराणे वतनदार किंवा इनामदार असेल तर शक्यता चांगली. दफ्तरात मोडी कागद कोट्यवधी आहेत, पण ते रुमालांत बांधलेले आणि प्रांत, परगणा, विषय अशा क्रमाने लावलेले आहेत. आडनावाची सूची मागून काही मिळत नाही. जुन्या काळचा परगणा आणि तर्फ कोणता ते आधी शोधा. आजचा तालुका तिथे उपयोगाचा नाही.

१८५० नंतरच्या दशकात इनाम कमिशनने इनामदारांकडून पुरावे मागवले. हक्क सिद्ध करायला लोकांनी कैफियती आणि वंशावळी सादर केल्या. एका कागदात पाच-सहा पिढ्या मिळण्याची जागा हीच. पण ही वंशावळ हक्क टिकवण्यासाठी लिहिलेली आहे. दत्तक कधी औरस म्हणून येतो, निपुत्रिक भाऊ गळतो, भांडणातल्या शाखेचे नावही नसते. साध्या कुळाचे नाव हवे असेल तर लावणीचे आणि पाहणीचे ‘झाडे’, म्हणजे तपशिलाची पत्रके, बघावी लागतात. वेळ फार लागतो.

प्रश्न : नाशिकला उपाध्यांच्या वहीत आमची नोंद असेल म्हणतात. शोधायची कशी? — वाचिका, पुणे

असेल, जर तुमच्यापैकी कोणी यात्रेला गेले असेल तर. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, प्रयाग, गया, सगळीकडे तीर्थोपाध्यायांकडे नामावळीच्या वह्या आहेत. कोणते उपाध्ये तुमचे, हे मूळ गाव, जात आणि आडनाव यांवर ठरते. गाव म्हणजे आज राहता ते नव्हे. तीन-चार पिढ्यांपूर्वीचे गाव आणि शक्य तर जुना तालुका सांगा. रामकुंडावर चौकशी केली की कोणाकडे जायचे ते कळते. पितृपक्षात आणि सिंहस्थात जाऊ नका, वही शांतपणे उलगडायला कोणालाच सवड नसते.

वहीत आलेल्या माणसाच्या हातचा लेख असतो : स्वतःचे नाव, बाप, आजा, भाऊ, मुलगे, सोबत कोण, तिथी. कित्येक ठिकाणी आई, बायको, भावजया यांचीही नावे असतात, जी दुसऱ्या कोणत्याच कागदात नसतात. मात्र ‘बंधू’ म्हणून चुलत भाऊही लिहिले जातात. लेख जन्माच्या क्रमाने नसतो आणि लहानपणी गेलेली मुले त्यात येत नाहीत. एका लेखावर विसंबू नका. तीच शाखा तीस-चाळीस वर्षांनी पुन्हा आली असेल तर दोन्ही लेख शेजारी ठेवा. फोटोची परवानगी विचारा, न मिळाल्यास ओळीच्या ओळी उतरवून घ्या. दक्षिणा द्या आणि आपला लेखही लिहून या, मुलींच्या नावांसह.

कोल्हापूर, सांगली, सोलापूर भागातल्या घराण्यांनी हेळव्यांकडेही विचारावे. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या घराण्यांच्या वंशावळी सांभाळतात, सुगीनंतर गावात येऊन वाचून दाखवतात आणि नवी नावे जोडून घेतात. तुमच्या गल्लीतल्या वयस्कर माणसाला ते कधी येतात हे ठाऊक असते.

प्रश्न : आमचे घराणे महार वतनदार. उपाध्यांच्या वह्यांत आम्ही नाही, इनामाचे कागद नाहीत. आमच्यासाठी काही साधन आहे का? — वाचक, खेड (पुणे)

आहे, आणि काही बाबतींत भक्कम आहे. वतनाची नोंद सरकारला ठेवावीच लागे, कारण त्यावर गावकामगारांची पाळी आणि जमीन ठरत असे. कनिष्ठ गाववतने १९५८च्या कायद्याने संपली, तेव्हा कोणाकोणाचा हिस्सा किती हे ठरवून जमिनी पुन्हा दिल्या गेल्या. तहसीलमध्ये वतन रजिस्टर आणि त्या वेळचे पुनर्प्रदानाचे फेरफार मागा. एका वतनात अनेक तक्षिमा, म्हणजे वाटे, असल्याने पूर्ण भाऊबंदकी एकाच नोंदीत सापडते.

दुसरे साधन गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूचे जुने रजिस्टर. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. यात जात न पाहता सगळ्या गावाची नोंद आहे. जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव बहुधा नसते. बापाचे नाव आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच. त्यामुळे आजोबांच्या नावाने शोधू नका, पणजोबांच्या नावापुढची सगळी मुले उतरवा आणि सालावरून कोणते मूल कोण ते लावा.

तिसरे, सैन्य. मुंबई लष्करात महारांची भरती १८९२च्या सुमारास थांबेपर्यंत मोठी होती. कोरेगावच्या १८२२च्या स्तंभावर ‘नाक’ प्रत्ययाची जी नावे कोरली आहेत ती याच परंपरेतली, आणि जुन्या कागदांत तुमच्या पूर्वजांच्या नावालाही हाच प्रत्यय लागलेला असेल. आडनाव शोधाल तर काही मिळणार नाही; ‘रामनाक बिन सिदनाक’ असे शोधा. पहिल्या महायुद्धात १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली, १९४१ साली महार रेजिमेंट. रेजिमेंटचे केंद्र मध्य प्रदेशात सागरला आहे. सैनिक क्रमांक माहीत असेल तर वारसाला तिथे अर्ज करता येतो. घरातल्या जुन्या पेन्शन बुकावर किंवा पदकाच्या कडेवर क्रमांक असतो, पदके भिंगाखाली पाहा. महायुद्धात मरण पावलेल्यांची यादी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने ऑनलाइन ठेवली आहे.

शाळेचे जनरल रजिस्टर तपासताना १९५६च्या धम्मदीक्षेनंतर जातीच्या आणि धर्माच्या रकान्यात शब्द बदललेले दिसतील, एकाच घरातल्या दोन भावंडांच्या नोंदी निराळ्या असतील. आडनावही शाळेत घालताना बदललेले असते. एका माणसाची जेवढी नावे सापडतील तेवढी एकाखाली एक लिहून ठेवा.

आणि भाऊबंदांत कोणाकडे जात वैधता प्रमाणपत्र असेल तर त्याची फाइल मागा. त्यात वंशावळीचे प्रतिज्ञापत्र आणि जुने दाखले जोडलेले असतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचे पुरावे लागतात, म्हणून कोणीतरी खूप वणवण करून ते आधीच गोळा केलेले असतात.

प्रश्न : वडिलांकडच्या सात पिढ्या झाल्या, पण आजी-पणजीचे माहेर कुठेच सापडत नाही. — वाचिका, नागपूर

कागद पुरुषांच्या नावाने ठेवले गेले, म्हणून वाट थोडी वळसा घेऊन जाते. पणजीला तिच्या सासरच्या कागदात न शोधता तिच्या माहेरच्या कागदात शोधा. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानंतर बापाच्या वारस फेरफारात मुलींची नावे येऊ लागली. त्याआधी मुलगे असतील तर मुली नसतातच, बायकोचे नावही निपुत्रिक विधवा असल्याशिवाय सहसा लागत नसे. १९५६ नंतर बहिणींनी भावांना हक्कसोडपत्र लिहून दिले असेल तर त्यात सासरचे नाव, वय आणि गाव असते. दुय्यम निबंधकाकडच्या सूचीत पक्षकारांच्या नावाने ते शोधता येते.

पण माहेरचे गावच माहीत नसेल तर? घरातल्या लग्नाच्या यादी बघा, म्हणजे देण्याघेण्याचे जमाखर्च. मामाकडून आलेल्या आहेरावर गाव लिहिलेले असते. जात्यावरच्या ओव्याही विचारा. ‘माझ्या माहेराच्या वाटे’नंतर नदीचे, देवाचे किंवा भावाचे नाव येते. आजीला ओवी आठवत असेल तर ती तिच्या आईकडून किंवा सासूकडून आलेली, म्हणजे कोणाचे माहेर ते विचारून घ्या.

प्रश्न : कुलदैवत मंगेशी, आडनावाला ‘कर’, पण गोव्यात कोणी नातेवाईक नाही. शिवाय आमच्या मॉरिशसमधल्या स्नेह्यांनाही आपले गाव शोधायचे आहे. — वाचक, मालवण

दैवत हा पत्ता आहे, पण आजच्या देवळाचा नव्हे. मंगेशाचे मूळ स्थान कुठ्ठाळी. १५६० साली देव प्रियोळला नेला. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. म्हणून घराण्याचे मूळ आजची देवळे आहेत त्या फोंड्यात न शोधता जुनी स्थाने होती त्या गोव्यातल्या साष्टीत शोधा. देवस्थानात महाजनांच्या, म्हणजे देवळाच्या वंशपरंपरागत सभासद घराण्यांच्या, नोंदवह्या असतात, तुमच्या शाखेचे नाव तिथे आहे का विचारा. पणजीच्या पुराभिलेखात कागद पोर्तुगीजमध्ये आहेत आणि नावे कानाला ऐकू आली तशी लिहिली आहेत : प्रभूचे पोरोबो, शेणवीचे सिनाय, कामतचे कामोतिम. हे उच्चार ठाऊक नसतील तर आपल्याच माणसाचे नाव डोळ्यांसमोरून निघून जाते. आणि ‘कर’ आडनाव गोवा सोडल्यानंतर लागलेले असेल तर तिथल्या कागदात ते नसणारच.

मॉरिशसच्या कुटुंबांनी मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटच्या स्थलांतर दप्तरात जावे. आधी घरातल्या जुन्या जन्म-विवाह दाखल्यांवर स्थलांतरिताचा क्रमांक शोधा; तो मिळाला तर काम सोपे. नोंदीत बापाचे नाव, वय, उंची, जहाज आणि मूळ जिल्हा-गाव असते. गावाचे नाव परक्या कारकुनाने लिहिलेले असल्याने मोठ्याने वाचून एखाद्या कोकणी माणसाला ऐकवा. डोळ्याला न कळलेले गाव कानाला कळते.

प्रश्न : डीएनए चाचणी करून मूळ पुरुष कळेल का? आणि आजोबांची जन्मतारीख शाळेत १ जून, कोतवाल बुकात ऑक्टोबर. खरी कोणती? — वाचक, छत्रपती संभाजीनगर

नाव, गाव, साल यांपैकी काहीच चाचणी सांगत नाही. ती जवळचे नातेवाईक जुळवते, तेही त्यांनी त्याच कंपनीकडे चाचणी केली असेल तर. चार-पाच पिढ्यांपलीकडे जुळणी विरळ होत जाते. शिवाय जातीतल्या जातीत शतकानुशतके लग्ने झाल्याने दूरचा माणूसही चुलतभावाइतका जवळचा दिसतो. तोच पैसा आधी नकलांवर आणि प्रवासावर खर्च करा.

तारीख ऑक्टोबरची धरा, पण ते मूल आजोबाच आहेत याची खात्री करून. शाळेत नाव घालताना गुरुजी वय बेताने ठरवत आणि जूनची पहिली तारीख लिहीत, शाळा तेव्हा सुरू होत असे म्हणून. कोतवाल बुकात आधीचे किंवा नंतरचे भावंड लहानपणी गेल्याची नोंद आहे का ते बघा. गेलेल्या मुलाचे नाव पुढच्याला ठेवण्याची रीत होती. तसे असेल तर ऑक्टोबरची नोंद थोरल्याची असू शकते आणि आजोबांची दोन-तीन पाने पुढे असेल.